तिसऱ्या रविवारची हरकत

पाळकसाहेबांनी सोनिकाचं नाव तिसऱ्यांदा वाचलं आणि विचारलं, "कुणाची हरकत आहे का?"

हे विचारायचं म्हणून विचारतात. कुणी उत्तर देत नाही. पाळकसाहेबांनी पुढचं पान उलटायला बोटाला थुंकीही लावली होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बाक सरकला.

"माझी आहे," इंदुताई म्हणाल्या.

इंदुताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. माझी बायको तारा गेल्या दिवाळीच्या तोंडावर गेली. तेव्हापासून रोज दुपारचा डबा इंदुताई आणून देत होत्या. सोनिका माझी आणि ताराची एकुलती एक मुलगी. ती गायन मंडळाबरोबर माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. तिने मान वळवली नाही. मला फक्त तिचे कान लाल झालेले दिसले.

आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, ही पद्धत बाहेरच्यांना सांगावी लागते. लग्न ठरलं की तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर त्याने बोलावं म्हणून. हे बऱ्याच ठिकाणी आहे. पण परदेशात सेवेला जाणाऱ्याचं नाव असं वाचणारी लुथरन मंडळी मला तरी दुसरी ठाऊक नाही. त्याला कारण झालं होतं. मागे आमच्यातला एक मुलगा पदवीनंतर वर्षभरासाठी फिलिपिन्सला निघाला. आम्ही हार घातले, प्रार्थना केली, स्टेशनवर सोडायला गेलो. तिथे उमरेडहून एक कुटुंब आलं. त्यांच्या मुलीशी या पठ्ठ्याची सोयरीक झालेली होती आणि त्याने आम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीचा बाप तेव्हाच्या पाळकांना सगळ्या प्लॅटफॉर्मसमोर म्हणाला, "देवाच्या नावावर लोकाईचे जावई पळवता काय जी?" तेव्हा मंडळीच्या पंचांनी ठरवलं की सेवेला जाणाऱ्याचंही नाव तीन रविवार वाचायचं. हरकत आली तर पंच त्याच दिवशी बसतील. आणि ज्याने हरकत घेतली त्यानेच ती मागे घ्यायची. तो घेत नसेल तर पाठवणी नाही.

तेव्हापासून सात-आठ जण गेले. हरकत कुणी घेतली नव्हती.

सोनिका फिजिओथेरपी शिकली आहे. पदवी झालेल्या तरुणांना एक वर्ष दुसऱ्या देशात पाठवायची लुथरन चर्चची योजना आहे. तिकडची मुलं इकडे येतात, इकडची तिकडे जातात. राहणं, जेवण आणि हातखर्च मिळतो, पगार नाही. सोनिकाची निवड टांझानियातल्या चर्चच्या एका इस्पितळात झाली होती. जन्मतः पाय वाकडे असलेली मुलं तिथे येतात. आमच्या मंडळीचं पत्र सोमवारी दुपारच्या आत पोचायला हवं होतं. नाही पोचलं तर तिच्या जागी झारखंडचा एक मुलगा जाणार होता. तो दिवस रविवार होता.

उपासना कशीबशी पार पडली. शेवटचं गीत कुणी नीट म्हटलं नाही. लोक बाहेर पडले पण घरी गेले नाहीत, आवारात सावली धरून उभे राहिले. मे महिन्याचं ऊन होतं, तरी थांबले.

इंदुताई मला जोड्यांच्या रॅकजवळ भेटल्या.

"असे काय पाहून राहिले माझ्याकडे? तुमच्यासाठीच उभी राहिली मी."

"मी म्हटलं होतं का तुमाले?"

"तुम्ही कायले म्हणसान? तुमच्या तोंडातून कधी शब्द निघते का? तिचा व्हिसा आला त्या दिवशी तुमचं तोंड पाहिलं मी. तारा गेली तेव्हा असं होतं."

त्या जवळ सरकल्या.

"तुम्ही फक्त चूप बसा, देवराव. बाकी मी पाहून घेते. तिच्यासमोर वाईट मी होईन, तुम्ही नाही. मंजूर?"

मी पाण्याच्या टाकीकडे पाहिलं. सोनिका तिथे आमच्याकडे पाठ करून उभी होती. गायन मंडळातल्या मैत्रिणी थोड्या दूर उभ्या होत्या. जवळ जावं की नाही ते त्यांना कळत नव्हतं.

खरं सांगायचं तर इंदुताई उभ्या राहिल्या तेव्हा माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. मी सोनिकाला नाही म्हटलेलं नव्हतं. तिने विचारलं तेव्हा जा म्हटलं होतं. आता ती न गेली तर त्यात माझा काही हात नव्हता. मला फक्त गप्प बसायचं होतं. मी बत्तीस वर्षं बुटीबोरीच्या कापडाच्या मिलमध्ये लूम दुरुस्त केले. तिथे बोललेलं कुणाला ऐकू येत नाही, त्यामुळे कुणी बोलतही नाही. गप्प बसणं मला जड नव्हतं.

पंच संडे स्कूलच्या खोलीत बसतात. भिंतीवर नोहाचं प्राण्यांनी भरलेलं तारू काढलेलं आहे आणि खुर्च्या लहान मुलांच्या आहेत. त्यावर मोठी माणसं गुडघे वर करून बसतात. त्या दिवशी पाळकसाहेब होते, पंचांचे प्रमुख रामाजीकाका होते, आणि शाळेत शिकवणाऱ्या मेघा मॅडम लिहून घ्यायला होत्या. कूलर चालू होता पण त्यात पाणी नव्हतं, गरम हवाच फेकत होता.

"बस गा देवराव," रामाजीकाका म्हणाले. "ते पिवळी खुर्ची नको घेऊ. मागच्या मीटिंगमध्ये मी पडलो तिच्यावरून. या मेघाले अजून हसू येते."

"मी हसली नव्हती काका."

"तोंडावर रुमाल घेतला होता ना तू. मी काय आंधळा आहो?"

पाळकसाहेब वयाने सोनिकाहून फार मोठे नाहीत. पुण्याकडचे आहेत, बोलतात नीट. ते म्हणाले, "आपण सुरू करू. इंदुताई, हरकत काय ते सांगा."

सोनिका दाराशीच उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

"लिहा," इंदुताई म्हणाल्या. "याईले शुगर आहे. होळीनंतर बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. सोनिका घरी होती म्हणून वाचले. ती गेली तर यांच्या घरात दुसरं माणूस नाही. मायले जाऊन वर्ष नाही झालं अजून. लोक काय म्हणतील, बापाले असं टाकून तिकडे कोणाची सेवा करायला गेली?"

मेघा मॅडमनी लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाल्या, "पण वडिलांची संमती असली तर ही हरकत होत नाही, ताई. तसं ठरलेलं आहे."

"देवराव," पाळकसाहेबांनी मला विचारलं, "तुमची संमती आहे ना?"

इंदुताई माझ्याकडे पाहत होत्या. मी पहिल्या रविवाराआधी याच खोलीत हो म्हणून गेलो होतो. आता फिरवायची लाज वाटली.

"आहे," मी म्हटलं.

"पाहा! कशी आहे ते संमती," इंदुताई म्हणाल्या. "डॉक्टरले जीभ दाखवल्यासारखी."

रामाजीकाका हसले. सोनिका हसली नाही.

"आहे म्हटलं ना त्यांनी," पाळकसाहेब म्हणाले. "मग ताई, ही हरकत मागे घेता?"

"नाही. दुसरी लिहा." इंदुताईंनी पदर मांडीवर नीट केला. "ही पोट्टी सेवेले नाही जाऊन राहिली. घरातून पळून राहिली."

मेघा मॅडमनी पेन उचललं आणि लिहिलं नाही.

"सोनिका," पाळकसाहेब म्हणाले, "तू मुलाखतीत म्हणाली होतीस की प्रभूने तुला या कामाला बोलावलं आहे असं वाटतं. मी तिथे होतो. मग ताई म्हणतात ते काय आहे?"

"दोन्ही खरं आहे, सर."

"दोन्ही कसं खरं असन वं?" रामाजीकाका म्हणाले.

"असते, काका."

मेघा मॅडमनी आवाज खाली आणून विचारलं, "घरी काही त्रास आहे का बाळा? वडील रागावतात, काही बोलतात?"

"नाही. पप्पा काहीच नाही बोलत."

"सांग ना," इंदुताई म्हणाल्या. "माझ्या किचनमध्ये बसून रडली तेव्हा काय म्हटलं होतं? ते सांग याईले."

सोनिकाने त्यांच्याकडे पाहिलं. "मावशी, तू म्हटलं होतं कोणाले सांगणार नाही."

"मी कुठं सांगून राहिली? तू सांग."

सोनिका दाराची कडी धरून उभी होती. ती वर-खाली करू लागली. मला वाटलं आता ही निघून जाईल. मला वाटलं गेली तर बरं. पण तिने कडी सोडली.

"मम्मीचा बेड आहे घरी," ती म्हणाली. "भाड्यानं आणला होता, तो डोक्याकडून वर-खाली होणारा. मम्मी त्याच्यावरच गेली. तो अजून हॉलमध्येच आहे. मी त्याच्यावर झोपते."

"काहून?" मेघा मॅडम म्हणाल्या.

"पप्पा म्हणाले म्हणून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे मी इथे सांगून टाकतो. आमच्या हॉलच्या खिडकीत कूलर आहे. बेड त्याच्या बरोबर समोर आहे, कारण ताराला उकाडा सहन होत नव्हता. ऊन तापायला लागलं तेव्हा मी सोनिकाला म्हटलं, तू मागच्या खोलीत नको झोपू, इथे झोप, हवा लागते. घरातली चांगली जागा मी तिला दिली होती. बेड रिकामा पाहवत नव्हता हेही होतं. पण मी हवेचाच विचार केला होता. निदान तसं मी समजत होतो.

"मले झोप नाही येत तिथे," सोनिका म्हणाली. ती आता माझ्याकडे नाही, भिंतीवरच्या जिराफाकडे पाहत बोलत होती. "गादीत मधे खड्डा पडला आहे. मम्मीच्या अंगाचा. मी त्यात बरोबर बसते. माझी उंची तेवढीच आहे. आणि पप्पा रात्री मधात उठले की दारात येऊन उभे राहतात. मी डोळे लावून घेते. मले माहीत आहे, ते मले नाही पाहत."

कूलरचा पंखा घासत होता. तो आवाज मला ओळखीचा, बुशिंग गेलेलं होतं. मी त्याच्याकडेच पाहत राहिलो.

"मग बापाले सांगायचं ना वं," रामाजीकाका म्हणाले. आवाज मऊ झाला होता त्यांचा.

"काय सांगू काका? बेड काढा म्हणू? तुम्ही त्यांना पाहिलं आहे ना मागच्या महिन्यांत? मी म्हटलं नाही. मी दुसरीकडे जायची जागा शोधली."

पाळकसाहेबांनी कपाळ पुसलं. त्यांच्या पुढ्यात पाठवायचं पत्र होतं. ते म्हणाले, "माझी अडचण सांगतो. या पत्रात छापील वाक्य आहे. उमेदवार सेवेच्या भावनेने जात आहे, घरच्या अडचणीतून सुटका म्हणून नव्हे. त्याखाली मी सही करतो. आता हे ऐकल्यावर कशी करू?"

"नाही करता येत," रामाजीकाका म्हणाले. "तिचं दुःख समजते मले. पण पळणाऱ्याले मंडळी कशी पाठवणार? उद्या तिथं जाऊन कोसळली म्हणजे? आपलंच नाव जाते."

मेघा मॅडमनी मान हलवली. इंदुताई मागे टेकून बसल्या. त्यांचं काम झालं होतं. झारखंडचा तो मुलगा जाणार होता आणि सोनिका घरी राहणार होती. मी तसाच बसलो असतो तर झालं होतं. बेड मी उद्या परत पाठवला असता. सगळं नीट लावता आलं असतं.

दाराशी सोनिकाने ओढणीने तोंड पुसलं. रडत नव्हती, घाम पुसला. आणि मग बसली. इतका वेळ बस म्हणत होते तेव्हा बसली नव्हती. आता त्या मोडक्या पिवळ्या खुर्चीवर जाऊन बसली, मला राहायचंच आहे तर बसते, अशी. ते मला पाहवलं नाही.

"रामाजीकाका," मी म्हटलं, "एक विचारू?"

"विचार."

"तुमचे आजोबा मिशनमध्ये कसे आले?"

"आता ते कायले?"

"सांगा ना. दर वर्षी तुमच्या वाढदिवसाच्या जेवणात सांगता."

"दुष्काळात आले. माय-बाप मेले होते. बैतूलकडून पायी आले. मिशनच्या कंपाउंडमध्ये खिचडी भेटते असं कोणी सांगितलं त्याईले."

"म्हणजे प्रभूनं बोलावलं म्हणून नाही."

"खिचडीनं बोलावलं," मेघा मॅडम म्हणाल्या आणि लगेच रुमाल तोंडावर घेतला.

रामाजीकाका तापले. "माझ्या आज्याचं काय काढून राहिला गा? तो नंतर किती मोठा उपदेशक झाला माहीत आहे ना तुले?"

"माहीत आहे. म्हणूनच काढून राहिलो. तो पळून आला होता. माझाही आजा पळूनच आला होता. फाटकावर त्याईले कोणी विचारलं असतं, तुम्ही सेवेच्या भावनेनं आले का सुटका म्हणून आले, तर आज आपण या लेकराईच्या खुर्च्यांवर बसलो नसतो."

मी एवढं एका दमात कधी बोललो नव्हतो. थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही.

"पोरगी पळूनच राहिली आहे. माझ्यापासून पळून राहिली. बरोबर आहे तिचं. तिच्या जागी मी असतो तर कधीचा गेलो असतो. माझी संमती मघा यांनी म्हटलं तशीच होती, जीभ दाखवल्यासारखी. आता पुन्हा लिहा. तिले जाऊ द्या."

सोनिका माझ्याकडे पाहत होती. तोंडावर राग होता की काय ते मला कळलं नाही.

इंदुताई एकदम पुढे झुकल्या. "पळायचंच आहे ना? मग माझ्या घरी पळ. जरीपटक्यात. ऑटोनं जाता येते. खोली रिकामी आहे, तुझ्या मावसाजीची टीव्ही बंद करून टाकीन. इथंच दवाखान्यात नोकरी कर. आफ्रिका कायले पाहिजे?"

हे ऐकून मी घाबरलो. हे चांगलं होतं. यात काही खोट काढता येत नव्हती. मेघा मॅडमही हो हो म्हणून मान हलवू लागल्या.

"मावशी, तुझ्या घरी आली तर रोज पप्पाचा डबा घेऊन कोण जाईल?" सोनिका म्हणाली.

"तू जाशील. त्यात काय झालं?"

"तेच."

"तेच म्हणजे?"

सोनिका उभी राहिली. "रोज त्याच घरात जायचं, तेच. आणि तुम्ही सगळे केव्हापासून माझ्याबद्दल बोलून राहिले. पळून राहिली, पळून राहिली. पळायचं असतं तर पुण्याची नोकरी हातात होती. पगार होता. मी ते सोडून बिनपगाराचं काहून घेतलं, ते एकानं तरी विचारलं का?"

"मी विचारतो," पाळकसाहेब म्हणाले. "का घेतलंस?"

"मम्मी इस्पितळात होती तेव्हा वॉर्डात एक जर्मन मुलगी यायची. याच योजनेतली. कॉलेज संपवून आली होती. ती काही संत-बिंत नव्हती हां. अर्धा वेळ फोनवर राहायची. आणि मराठी अशी बोलायची की मम्मीला हसून खोकला यायचा. मम्मीच्या केसांचा पडून पडून गठ्ठा झाला होता. सिस्टर म्हणाली, कापून टाका. पप्पा औषध आणायला गेले होते. मी नुसती उभी. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे हातपाय हलवते, पण मम्मीच्या डोक्याला हात लावायची माझी हिंमत होत नव्हती. त्या मुलीनं तेल मागितलं आणि दुपारभर बसून एकेक बट सोडवली. मम्मी झोपून गेली तिच्या हातात."

मला हे माहीत नव्हतं. तारा घरी आली तेव्हा तिची वेणी घातलेली होती. मला वाटलं सोनिकाने घातली.

"तिची मम्मी नव्हती ती," सोनिका म्हणाली. "म्हणून तिले जमलं. घरच्याले नाही जमत ते कधी कधी परक्याले जमते. मले तसं परकं होऊन कोणाच्या कामी यायचं आहे. एक वर्ष. हे सेवेत बसत नसेल तर नका करू सही."

ती पुन्हा बसली. खुर्ची हलली पण मोडली नाही.

पाळकसाहेबांनी पत्र आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "मी हे छापील वाक्य खोडणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. खाली माझ्या हाताने लिहितो. हिच्या घरात दुःख आहे आणि त्यामुळेही ती जात आहे, हे आम्हाला माहीत आहे, आणि तरी मंडळी हिला पाठवते. ते मानतील किंवा नाही मानणार. चालेल, सोनिका?"

"चालेल, सर."

"काका?"

रामाजीकाका अजून माझ्यावर रागावलेले होते. "लिहा," ते म्हणाले. "आज्याचं नका लिहू त्यात."

"पण आधी हरकत मागे घेतली पाहिजे," मेघा मॅडम म्हणाल्या. "ती इंदुताईंनीच घ्यायची."

आता सगळे इंदुताईंकडे पाहू लागले. त्या खाली पाहत होत्या. पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. त्यांना मूलबाळ नाही. सोनिका लहान असताना सुट्टीभर त्यांच्याकडेच असायची.

"आणि याईले कोण पाहीन?" त्यांनी मान न उचलता माझ्याकडे हात केला.

"मी माझं पाहीन," मी म्हटलं.

"तुम्ही? तुमाले कुकर लावता येत नाही."

"शिकीन."

"मी डबा बंद करून टाकीन, देवराव. सांगून ठेवते. ती गेली तर मी नाही येणार तुमच्या दारात. मले नाही होणार त्या घरात यायला."

त्या धमकी देत नव्हत्या. खरंच होणार नव्हतं त्यांच्याने. मला ते त्या वेळी कळलं. आठवड्याचे सातही दिवस त्यांच्याशिवाय माझ्या घरात बाहेरून येणारं दुसरं माणूस नव्हतं.

"करा बंद," मी म्हटलं.

इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील, ताराचं नाव घेतील. पण त्या मेघा मॅडमना म्हणाल्या, "लिहा. मागे घेतली. खुशीनं नाही घेतली, तेही लिहा."

"ताई, त्याला रकाना नाही."

"मग बाजूले लिहा."

मेघा मॅडमनी बाजूला लिहिलं.

पाळकसाहेबांनी पत्राचा फोटो तिथूनच पाठवला. मग योजनेचं काम पाहणाऱ्या बाईंना फोन लावला. त्या रांचीला असतात. बोलायला पाळकसाहेब बाहेर व्हरांड्यात गेले. आम्ही आत बसलो. रामाजीकाकांनी डोळे मिटले होते, प्रार्थना करत होते की झोपले होते ते कळत नव्हतं. काचेतून पाळकसाहेब दिसत होते. ते बराच वेळ नुसते ऐकत होते. एकदा त्यांनी सोनिकाकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. तेव्हा मला वाटलं, गेलं. आणि त्या क्षणी मला आनंद झाला नाही. मला भीती वाटली की आता ही माझ्याबरोबर घरी येईल आणि तिथेच राहील.

पाळकसाहेब आत आले. "त्यांनी विचारलं, अशी ओळ का लिहिली. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तिथे पोचल्यावर पहिले काही महिने दर आठवड्याला त्या स्वतः हिच्याशी बोलतील. ही कबूल असेल तर जागा हिची."

"कबूल," सोनिका म्हणाली.

इंदुताई उठल्या, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर ऑटो केला. कुणाला सलाम केला नाही.

पाठवणी लगेच झाली. चर्चमध्ये आम्ही चार-पाच माणसं आणि बाहेर थांबलेल्यांतले काही, तहानेने बेजार झालेले. सोनिका वेदीपुढे गुडघे टेकून बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. केस उन्हाने तापलेले होते.

"हिला कोण पाठवतं?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"आम्ही पाठवतो," मी म्हटलं. उत्तर तसंच छापलेलं आहे.

बाहेर आल्यावर मी स्कूटर काढली. सोनिका मागे बसली नाही, तशीच उभी राहिली.

"तुम्ही सगळ्याईसमोर म्हटलं, मी पळून राहिली."

"तूच म्हटलं आधी."

"मी म्हटलं ते वेगळं. तुम्ही म्हणायला नको होतं."

"मग काय म्हणायला पाहिजे होतं?"

ती बसली. सदरच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, "तुमच्या गोळ्या संपल्या आहेत. थांबा त्या मेडिकलपाशी." मी थांबलो. गोळ्या तिने घेतल्या.

डबा आला नाही. आम्ही ब्रेड खाल्ला.

जेवणानंतर सोनिकाने बेडवरची आपली उशी आणि चादर उचलली आणि मागच्या खोलीत गेली. ती खोली पश्चिमेची आहे. मे महिन्यात तिथल्या भिंतीला हात लावता येत नाही. तिने दार लावून घेतलं. आतून पंख्याचा आवाज येऊ लागला.

मी कूलरमध्ये पाणी भरलं. हॉल गार झाला. तिला हाक मारावी, इथे हवा आहे म्हणावं, असं तोंडाशी आलं. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आलो. हाक मारली नाही. खुर्ची ओढून बसून राहिलो.

संध्याकाळी दार उघडलं. ती घामाने चिंब भिजलेली होती. गालावर चादरीच्या सुरकुत्या उमटल्या होत्या, डोळे सुजले होते. दारात उभी राहून तिने आळस दिला.

"किती वाजले?" ती म्हणाली. "मले इतकी झोप लागली होती, पप्पा. एकदाही जाग नाही आली."